पाठसाक्षी छायाचित्र : जीर्ण वास्तू आणि तिचा जीर्णोद्धार

जुन्या वास्तूचे छायाचित्र म्हटले की बहुधा दोन प्रकारची चित्रे डोळ्यांपुढे येतात. एकात भिंतीतून पिंपळ उगवलेला असतो, गिलावा गळून पडलेला असतो, आणि तिरप्या उन्हात त्या पडझडीला एक करुण शोभा आलेली असते. दुसऱ्यात तीच वास्तू दुरुस्त होऊन, रंगरंगोटी लेवून उभी असते. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे परांची बांधलेली आहे, दगड उतरवून ठेवले आहेत, गवंडी आणि सुतार कामाला लागले आहेत असा काळ, क्वचितच टिपला जातो. अभ्यासाच्या दृष्टीने हा मधला काळच सर्वांत मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते स्पष्ट करण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या पाठचिकित्सेचा आधार घेता येईल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली. युरोपात जुन्या वास्तूंच्या पुनर्रचनेचा वाद पेटला तो याच सुमारास. १८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या आयोगाने बाल्द्यूस, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल या पाच छायाचित्रकारांना देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवले. दुरुस्तीची गरज असलेल्या वास्तूंची आजची स्थिती नोंदवून आणणे, हे त्यांचे काम होते. त्या काचा आणि कागदी प्रती आयोगाच्या दप्तरात जमा झाल्या. ग्रंथरूपाने त्या वेळी प्रसिद्ध झाल्या नाहीत. पुनर्रचनेचा मोठा पुरस्कर्ता व्हियोले-ल-द्यूक याने १८६६ मध्ये आपल्या वास्तुकोशातील लेखात छायाचित्रणाची मुद्दाम शिफारस केली. प्रत्यक्ष वास्तूवर नजरेतून निसटलेली खूण छायाचित्रात सापडते, असे त्याचे निरीक्षण होते. उलट, १८४९ मध्ये पुनर्रचनेवर कडाडून टीका करणारा जॉन रस्किन हाही १८४५ पासून व्हेनिसच्या वास्तूंची छायाचित्रे जमवीत होता. एकाला वास्तू पूर्ववत करायची होती, दुसऱ्याला तिला हातही लावू द्यायचा नव्हता. साक्षीदार मात्र दोघांनी एकच निवडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भारतातही फार उशीर झाला नाही. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये तोफखान्यातील अधिकारी टॉमस बिग्ज यांची याच कामासाठी नेमणूक झाली. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पुढे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु या आरंभीच्या चित्रांचा हेतू मुख्यतः प्राचीन शिल्पाची नोंद हा होता. त्या वास्तूंत वावरणारी माणसे, तेथे चालणारी पूजाअर्चा आणि स्थानिक लोकांनी वेळोवेळी केलेली डागडुजी यांना त्या चौकटीत गौण स्थान मिळाले.

येथे एक सांस्कृतिक भेद ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडचा 'जीर्णोद्धार' हा शब्द आणि युरोपीय अर्थाची 'पुनर्रचना' या एक गोष्टी नव्हेत. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर उभारले, तेव्हा पूर्वीच्या देवळाचा दगड न् दगड जसाच्या तसा बसवणे हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. देव पुन्हा प्रतिष्ठित व्हावा, पूजा अखंड चालावी, हा हेतू. पावित्र्य जुन्या दगडात नसून चालू राहणाऱ्या व्यवहारात होते. म्हणून आपल्या परंपरेत वास्तूची 'मूळ प्रत' जपण्याची चिंता फारशी दिसत नाही. हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे वास्तूत कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद बहुधा उरत नाही, हेही तितकेच खरे.

आता पाठचिकित्सेकडे वळू. पोथीच्या नकला होत जातात तसतसे पाठभेद पडतात, प्रक्षेप होतात. वास्तूचेही असेच आहे. एका पिढीने बुजवलेला दरवाजा हा लोप, दुसरीने चढवलेला मजला हा प्रक्षेप. या दृष्टीने छायाचित्र म्हणजे मूळ संहिता नव्हे. ती एका विशिष्ट दिवशीची एक प्रत आहे. जितक्या प्रती अधिक, तितका निर्णय भक्कम.

प्रत नसली म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण सांचीचे आहे. १८१८ मध्ये या स्तूपाची माहिती बाहेरच्या जगाला झाली तेव्हाच तेथील दक्षिण तोरण कोसळलेले होते. ते उभे असतानाचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. १८८२-८३ च्या सुमारास ते पुन्हा उभारताना त्याच्या आडव्या तुळयांपैकी दोन उलट्या बाजूने बसवल्या गेल्या. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या उपासकाला दिसावी म्हणून कोरलेली बाजू स्तूपाकडे वळली. पुढे १९१२ पासून तेथे काम करणाऱ्या जॉन मार्शल यांनी ही उलटापालट नोंदवली. आज तोरणापुढे उभा राहणारा यात्रेकरू शिल्पकाराची संहिता वाचतो असे समजतो. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकातील लेखनिकाचा पाठ वाचत असतो.

प्रती असूनही 'मूळ' कोणते हा प्रश्न सुटतोच असे नाही. पॅरिसच्या नोत्र-दामचे मध्ययुगीन उंच शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आले होते. १८५९ पूर्वीच्या छायाचित्रांत छपरावर शिखर दिसत नाही. त्या वर्षी उभे राहिलेले शिखर व्हियोले-ल-द्यूकच्या आराखड्याचे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तेच जळून पडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे चर्च पुन्हा उघडले तेव्हा १८५९ चेच रूप पुन्हा उभे होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील प्रक्षेप आता संहितेचा भाग म्हणून मान्य झाला. जुनी छायाचित्रे नसती, तर हा प्रक्षेप आहे हेदेखील सामान्य वाचकाच्या ध्यानात आले नसते.

यावरून मधल्या काळाचे महत्त्व स्पष्ट होईल. वास्तू सुस्थितीत असताना तिची रचना गिलाव्याखाली झाकलेली असते. काम पुरे झाल्यावर ती पुन्हा झाकली जाते. मराठी मुलखातला एखादा जुना वाडा घ्या. तक्तपोशी उतरवली की तुळयांचे सांधे दिसतात. भिंतीचा चुना खरवडला की खालची मातीची भिंत, तिच्यातील लाकडी आडणी, बुजवलेला कोनाडा, आधीच्या रंगाचे थर दिसतात. कोणत्या खणाचे लाकूड नंतर बदलले, ते खोबणीवरून कळते. ही उघडी अवस्था फार तर काही दिवस टिकते. त्या दिवसांत कॅमेरा नसेल, तर वाड्याच्या इतिहासाचे ते पान न वाचताच कायमचे मिटते.

असे चित्र घ्यावे कसे, याचेही काही संकेत आहेत. भिंतीच्या उभ्या रेषा चित्रात उभ्याच राहाव्यात म्हणून कॅमेरा वर न कलवता समपातळीत धरावा. उथळ कोरीवकामासाठी बाजूने येणारा प्रकाश हवा. चौकटीत मोजपट्टी असावी. जागा, दिशा आणि तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या टप्प्याला त्याच ठिकाणाहून दुसरे चित्र घेता येते. छायाचित्रावरून मापे घेण्याची कल्पनाही जुनी आहे. १८५८ मध्ये वेट्स्लारच्या चर्चचे मोजमाप करताना उंचावरून पडता पडता बचावलेल्या मायडेनबाउअर या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाने तिचा पाठपुरावा केला, आणि १८८५ मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली. तिच्या काचांचा दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वास्तूंच्या पुनर्बांधणीत उपयोग झाला. सौंदर्यदृष्टीला येथे मज्जाव आहे असे नव्हे. परंतु पडझडीच्या शोभेत रमलेला छायाचित्रकार अनेकदा नेमका तोच सांधा अंधारात सोडतो, ज्याची पुढे गरज पडणार असते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने हीच शिस्त तत्त्व म्हणून मांडली. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबावी. नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळता, तरीही जुन्यापासून वेगळा ओळखता यावा. आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद आलेख व छायाचित्रांसह सार्वजनिक दप्तरात ठेवावी, असे ती सांगते. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच व्रत पाळले. जो पाठ पुरेसा निश्चित नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली, आणि गाळलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. वाचकापासून काहीही लपवले नाही.

वास्तूच्या भिंतीवर अशी नागमोडी रेघ ओढता येत नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर घेतलेले, तारीखवार लावलेले आणि कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी ठेवलेले छायाचित्र हीच वास्तूची ती रेघ होय. जीर्णोद्धार करणाऱ्याने काय राखले, काय टाकले आणि काय स्वतःच्या कल्पनेने भरले, हे पुढच्या पिढीला त्यावरूनच पडताळून पाहता येईल.