वाचकाचा अभिप्राय

ग्रंथ लिहिणारा एक असतो, वाचणारे अनेक असतात. ग्रंथ छापून झाला म्हणजे लेखकाचे काम संपते. वाचकाचे काम मात्र शेवटचे पान उलटल्यावर सुरू होते. जे वाचले ते आवडले काय, पटले काय आणि कशामुळे, हे स्वतःला विचारणे व दुसऱ्यास सांगणे, यासच अभिप्राय देणे असे म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे गाव. भोवती काळी जमीन आणि कापसाची शेते. तेथील एखाद्या वर्गातील मुलांनी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपविली आहे, अशी कल्पना करावी. ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वाडीत एक तरुण शिक्षक येतो, बंद पडलेली शाळा चालवितो, गावकऱ्यांच्या श्रमाने तालीम उभारतो. आणि अखेरीस दुष्काळ पडून सारी वाडी ओस पडते, अशी तिची कथा आहे. लेखकाचे वडीलबंधू ग. दि. माडगूळकर हे १९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा माडगूळकर हे नाव या जिल्ह्यास परके नाही.

गुरुजींनी अभिप्राय विचारताच एक मुलगा म्हणतो, “पुस्तक चांगले आहे.” “चांगले कशावरून?” असे विचारल्यावर तो गप्प बसतो. एका शेतकऱ्याची मुलगी म्हणते, “पाऊस लांबला की घरातले बोलणे कसे कमी होते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून शेवटची पाने मला खरी वाटली.” तिसरा म्हणतो, “गावच उठून गेले. मग शिक्षकाचे सारे श्रम वाया गेले.” चौथीला हे मान्य नाही. ती म्हणते, “गाव उठले, पण शिकलेली अक्षरे मुलांबरोबरच गेली.” वाद रंगतो आणि दोघेही आपल्या म्हणण्यास आधार शोधण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडतात.

या चौघांपैकी पहिल्याने केवळ आवड सांगितली. इतरांनी अभिप्राय दिला. आवडीस कारण लागत नाही, अभिप्रायास लागते. ते कारण कधी पुस्तकात सापडते, तर कधी वाचकाच्या स्वतःच्या अनुभवात. माणदेशातील मेंढपाळांचे दुःख वऱ्हाडातील कापूसकरी मुलीस आपले वाटावे, हे या दोहोंच्या भेटीमुळेच घडते. आणि मतभेद झाला म्हणजे मैत्री तुटावी असे नाही. दोघांनाही पुन्हा त्याच पानाकडे जावे लागते, हाच मतभेदाचा लाभ होय.

अभिप्रायाने काय घडू शकते, याचे एक फार जुने उदाहरण मराठीत आहे. यवतमाळच्या शेजारील अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान आहे. या पंथातील कवी भास्करभट्ट बोरीकर यांनी चौदाव्या शतकाच्या प्रारंभी ‘शिशुपालवध’ हे काव्य रचिले. ते वाचून पंथातील एका जाणत्या सहकाऱ्याने सांगितले की, ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु त्यात शृंगाराचे वर्णन फार असल्यामुळे संसार सोडलेल्या साधकांस तो उपयोगी नाही. त्याने खोटी स्तुती केली नाही, तसेच गुण झाकूनही ठेविले नाहीत. भास्करभट्टही रागावले नाहीत. त्यांनी ‘उद्धवगीता’ हा दुसरा ग्रंथ लिहिला. पुढे पंथाने आपल्या सात मान्य काव्यग्रंथांत, म्हणजे ‘साती ग्रंथां’त, दोहोंनाही स्थान दिले. एका स्पष्ट अभिप्रायामुळे मराठीस एक नवा ग्रंथ मिळाला. परंतु त्या अभिप्रायामुळे पहिला ग्रंथ नष्ट झाला नाही. कोणाही एका वाचकाचे मत हे अखेरचे मत नसते.

कधीकधी अभिप्राय एका पुस्तकापुरता राहत नाही. १८८५ साली पुणे येथे भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेस येण्याविषयी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जोतीराव फुले यांस कळविले. फुले यांनी पत्राने नकार दिला. जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क मोकळेपणी देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापूर्वी, १८८३ साली, शेतकऱ्यांची दैना मांडणारा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला होता. पुस्तकात काय आहे, हे बहुतेक वाचक पाहतात. त्यात कोण नाही, हेही पाहिले पाहिजे, ही दृष्टी फुले यांच्या त्या पत्रातून मिळते.

यावरून अभिप्राय देण्याची रीत ध्यानात येते. पुस्तक पुरते वाचल्यावाचून मत देऊ नये. मताबरोबर कारण सांगावे व शक्य तेथे प्रसंग दाखवावा. दोष सांगताना गुण विसरू नये. टीका पुस्तकावर करावी, लेखकाच्या जातीवर, गावावर किंवा बोलीवर करू नये. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे आणि ते पटल्यास आपले मत बदलण्यास लाजू नये. मोठ्या लेखकाचे पुस्तक आवडले नाही, तर तसे नम्रपणे सांगण्यासही भिऊ नये.

पुस्तक कपाटात बंद राहिले, तर ते केवळ कागद होय. एकाने वाचले म्हणजे ते जागे होते. चौघांनी वाचून त्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास आरंभ केला, म्हणजे एकाच पुस्तकाची चार रूपे दिसू लागतात आणि चौघांपैकी प्रत्येक जण थोडा अधिक शहाणा होऊन घरी जातो.