वेगळे जगा, पण खर्च कोणाच्या नावावर?

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर सावली आल्यावर जरा बाहेर बघा. पानठेले, चहाची दुकाने, धानाची पोती, शाळेतून सुटलेली पोरे. आपल्या भागातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखेच गाव. पण याच सावलीत १९३६ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या आरंभी गांधी सेवा संघाची सभा भरली होती आणि तिला स्वतः महात्मा गांधी आले होते. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली.

मोठी शहरे सोडून सभा सावलीत का, तर इथे खादीचे केंद्र होते. जमलेले लोकही चाकोरी सोडलेले. कोणी वकिली सोडली, कोणी घरचा धंदा. आपण गांधींच्या पद्धतीने जगतो असे त्यांना वाटत होते. त्यांनाच गांधींनी सांगितले की गांधीवाद नावाची काही वस्तूच नाही, आणि मला माझ्यामागे पंथ ठेवायचा नाही. ज्यांनी आयुष्यभर आपले अनुकरण केले त्यांच्यासमोर असे बोलायला छाती लागते. एक चाकोरी सोडून दुसरी धरली, तर मग सोडले काय?

हे आज आठवायचे कारण आहे. आपल्या गावात आता अशी पोरे-पोरी भेटतात की ज्यांना "सगळे करतात म्हणून" करायचे नाही. लग्न साधे करीन, हुंडा घेणार नाही, फवारणीशिवाय धान पिकवीन, नोकरीसाठी पुण्याला जाणार नाही. ऐकून बरे वाटते. म्हातारे म्हणतात, "कायले नसती उठाठेव करतं बापा?" त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पण मला दुसरेच विचारायचे आहे. तुमच्या वेगळ्या जगण्याचा खर्च कोण भरते?

खादीचाच हिशेब घ्या. खादी नेसणे ही त्या काळी मोठी वेगळी वाट. पण सूत कातणाऱ्या बाईच्या हाती दिवसाकाठी पडत होते ते इतके थोडे, की त्यात तिचे पोट भरत नव्हते. म्हणजे नेसणाऱ्याचे व्रत कातणारीच्या उपाशी पोटावर चालले होते. सावलीच्या सभेच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, चरखा संघाने ठरवले की कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी दिलीच पाहिजे. खादी महागेल, खपणार नाही, अशी ओरड झाली. तरी भाव नेसणाऱ्याने सोसावा, असे ठरले. माझ्या मते खादीच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. चरखा पुतळ्यापाशी ठेवून फोटो काढता येतो. मजुरीचा फोटो निघत नाही, म्हणून कोणाला आठवत नाही.

आता एसटी पुढे जाऊ द्या. व्याहाड गेले, वैनगंगेचा पूल गेला, गडचिरोली आली. तिथून हाच रस्ता धानोऱ्याला जातो. वाटेत चातगावजवळ शोधग्राम लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून आले आहे, म्हणून एकच सांगतो. दवाखाना कसा हवा हे त्यांनी गोंड लोकांना विचारले, आणि मग तो मोठी इमारत न होता खेड्यातल्या घरांसारखा झाला. नाव पडले माँ दंतेश्वरीचे. आयुष्य डॉक्टरांनी आखले खरे, पण नकाशावर रोग्यांचाही हात होता.

आणखी पुढे, धानोऱ्याच्या अलीकडे, मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव. लेखा शेजारीच असल्याने कागदोपत्री आणि बोलण्यात मेंढा-लेखा. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध चळवळ झाली, तेव्हा "मावा नाटे मावा राज" ही घोषणा उठली. आमच्या गावात आमचे राज. घोषणा पुष्कळ गावांनी दिली, मेंढ्याने ती घरी नेली. देवाजी तोफा गावातले. आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून शिकायला म्हणून आलेले. या मोहनभाऊंनी आडनाव टाकून आईचे आणि वडिलांचे नाव लावले होते. २०२५ च्या जानेवारीत ते गेले.

मेंढ्याची रीत साधी, पण अंगाला घाम आणणारी. ग्रामसभेत बहुमत नाही, सर्वांची सहमती. एकानेही नाही म्हटले तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचे. बायकाही बसतात, बोलतात. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग सभेत ठरवायचे. तुमच्या घरातली पाच माणसे एका गोष्टीवर एकमत होईपर्यंत उठायचे नाही असे एकदा करून बघा, म्हणजे कळेल. वेळ जातो, मजुरी बुडते, राग येतो. हा खर्च ते गाव भरते. म्हणूनच २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्याच्या वाहतूक पासासाठी २०११ पर्यंत अडून राहता आले. बांबू हे झाड नसून गवत आहे, हा वाद तेव्हा दिल्लीपर्यंत गेला. २०१३ मध्ये तर गावाने आपली शेतजमीन ग्रामदान करण्याचे ठरवले. सातबाऱ्यावरच्या नावासाठी जिथे भाऊ भावाचे डोके फोडतो, त्या महाराष्ट्रात! अशी जमीन मनाला येईल तशी बाहेरच्याला विकता येत नाही, तोही खर्चच.

मेंढ्याची नक्कल करा असे मी म्हणत नाही. नक्कल करून मेंढा होत नाही, हे बरीच गावे सांगतील.

पण आपल्याकडे काय होते बघा. पोरगा म्हणतो लग्न साधे, मांडव नको, वाजंत्री नको. छान. नंतर वर्षभर टोमणे कोण ऐकते? त्याची माय. "एकच पोरगा, तरी जेवण नाही घातलं" हे तिला विहिरीवर, रोवणीच्या बांधीत ऐकावे लागते. सेंद्रिय शेतीची हौस धन्याची, निंदण वाढते ते घरच्या बाईच्या कंबरेवर. नोकरी न करण्याचा बाणा थोरल्याचा, बहिणीची फी राहते. आणि उलटही खरे. लोक काय म्हणतील म्हणून थाटाचे लग्न केले, कर्ज काढले, तर ते धानाच्या चार हंगामांतून फिटते. चाकोरीतही फुकट काही नाही. फरक एवढाच, की तिचा खर्च भरायची सवय झालेली असते, म्हणून तो दिसत नाही.

तेव्हा तुळशीचे लग्न लागून बोलणी सुरू होण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवा. मायलाही चुलीजवळून उठवून आणा. कोरा कागद घ्या. डावीकडे तुम्हाला जे जे वेगळे करायचे ते लिहा. उजवीकडे त्याचे कष्ट, पैसा किंवा बोलणी कोण सोसणार त्याचे नाव. मग मायचे नाव किती वेळा आले ते मोजा, आणि कागद तिच्या हाती देऊन विचारा, यातले काय खोडू?