पी हळद, हो फिट?

टर्फवर खेळताना गुडघा पिरगळला. लंगडत घरी आलात की आजी काय करणार? हळदीच्या दुधाचा ग्लास हातात ठेवणार. इकडे मोबाइलवरचं रील सांगणार, 'रोज हळद घ्या, सांधेदुखी विसरा!' खरं किती मानायचं यातलं?

आजी अगदीच चुकत नाही. हळदीला पिवळा रंग देणारं कुरक्युमिन सूज कमी करायला मदत करतं. गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या काही चाचण्यांत कुरक्युमिनच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी झालंय.

पण जरा गणित करा. हळदीत कुरक्युमिन असतं साधारण ३ टक्के. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद घातली तर ते भरतं जेमतेम ४५ मिलिग्रॅम. वर्ध्याची वायगाव हळद त्यासाठी नावाजलेली. तिच्यात दुप्पट धरा, ९० मिलिग्रॅम. चाचण्यांमधला रोजचा डोस बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. शिवाय पोटातून रक्तात ते फारसं उतरतच नाही. म्हणून दुधात चिमूटभर मिरपूड टाका. मिरीतल्या पायपरीनमुळे कुरक्युमिन जास्त शोषलं जातं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलंय.

मग थेट गोळ्याच घ्यायच्या? थांबा! जास्त डोसच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि हाडांचं काय? त्यांची बँक तिशीच्या आसपासपर्यंतच भरते. म्हणजे तुमचं आत्ताचं वय डिपॉझिटचं. त्या ग्लासात हाडांच्या खऱ्या कामाचं आहे ते दूध! सोबत नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, थोडं ऊन, आणि धावणं, दोरीच्या उड्या, वजन उचलणं.

एक मात्र लक्षात ठेवा. गुडघा टम्म फुगलाय, पाय टेकवत नाही, चालताना गुडघा सटकतोय किंवा मध्येच अडकतोय, तर 'बघू आठवडाभर' म्हणत बसू नका. सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. फाटलेलं लिगामेंट हळदीनं शिवलं जात नाही, आणि त्याच पायावर पुन्हा खेळलात तर आतली गादीही जाते.

'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण उतावळ्यांसाठीच आहे. आजीचा ग्लास प्रेमानं संपवा, आणि मग तिलाच सोबत घेऊन दवाखाना गाठा.