खिडकीबाहेरचं गाणं

म्युझिक व्हिडिओ म्हटला की गायक, नाच, नाहीतर चार मिनिटांत उरकलेली प्रेमकथा. 'द केमिकल ब्रदर्स' या ब्रिटिश जोडीच्या 'स्टार गिटार'मध्ये (२००२) यातलं काहीच नाही. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा मुलूख, बस्स! सुरुवातीला तर कुणा प्रवाशाने हौसेने केलेलं चित्रण वाटतं.

मग हळूहळू लक्षात येतं, की ठेका पडला की खांब सरकतो. सुरावटीत नवं वाद्य मिसळलं की खिडकीत नवी वास्तू उगवते, आणि ते वाद्य वाजत राहील तोवर तीच वास्तू ठरावीक मात्रांनी पुन्हा पुन्हा येत राहते. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गाँद्री यांनी दक्षिण फ्रान्समधल्या नीम ते व्हालांस या लोहमार्गावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने चित्रण केलं. नंतर त्यातले तुकडे कॉम्प्युटरवर गाण्याच्या तालात बसवले. त्याआधी आलेखाच्या कागदावर आराखडा, आणि टेबलावर चक्क संत्री, काटे, पुस्तकं मांडून रंगीत तालीम!

एरवी संकलक तालावर दृश्य तोडतो. इथे तोड दिसतच नाही, दृश्यातल्या वस्तूच ताल धरतात. कथानक शोधायला गेलात तर हाती फक्त प्रवास लागेल, पण मला तो पुरेसा वाटतो. हा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा. ठेका तरीही मोजता येतो.