शर्टावरचे गोळे आणि परभणीचा लांब धागा

‘प्युअर कॉटन’ म्हणून घेतलेल्या शर्टाला चार धुण्यांतच गोळे आले. मग चांगलं कापड ओळखायचं कसं? सेलूच्या एका वाचक भगिनींनी विचारलेल्या या प्रश्नाचं निम्मं उत्तर परभणीच्याच काळ्या मातीत उगवतं.

घरात वेचणीचा कापूस असेल तर एक सरकी हातात घ्या आणि तिचे तंतू बोटांनी दोन्ही बाजूंना विंचरा. यातला प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी! फूल उमललं की ती लांबू लागते, साधारण तीन आठवडे लांबत राहते आणि आतून सेल्युलोजचे थर चढवते. बोंड फुटल्यावर ती वाळते, चपटी होते आणि स्वतःलाच पीळ घालते. या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात. सावरीचा कापूस याहून मऊ, पण त्याला पीळ नाही. म्हणून तो उशीत भरतात, त्याचं सूत कातत नाहीत.

तंतू लांब असला की सुतात टोकं कमी. आखूड तंतूंची टोकं बाहेर डोकावतात, घासली जातात, गुंततात आणि गोळा होतो. निव्वळ सुती कापडावरचा गोळा बहुधा झडून जातो. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर त्याचे चिवट तंतू गोळ्याला सोडत नाहीत.

आखूड तंतूचा हाच ठपका आपल्या देशी कापसावर बसला. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के देशी वाणांखाली होतं. मराठवाड्याच्या गावरानी कापसाचं तर निजामाच्या राज्यात मोठं नाव होतं. पण गिरण्यांच्या चात्यांना लांब तंतू हवा होता आणि पुढे शेतं अमेरिकन कापसाने भरली. ढाक्याची मलमल देशी कापसाच्याच कुळातली, हे मात्र विसरलं गेलं. हाताच्या बोटांना जमलं ते यंत्राला जमलं नाही, आणि दोष कापसाला लागला!

ही उणीव भरून काढण्याचं काम परभणीत झालं. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी संकर आणि निवडीच्या चिकाटीच्या कामातून लांब धाग्याचे देशी वाण दिले. ‘परभणी तुराब’ म्हणजे पीए २५५, आणि ‘विनायक’ म्हणजे पीए ४०२. त्यांचा तंतू २७ मिलिमीटरच्या आसपास जातो. शिवाय देशी झाड खोल मुळांचं, पाण्याचा ताण सोसणारं आणि तुडतुड्यांना सहज बळी न पडणारं. या कामाची चर्चा शेतीच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही, याची मला खंत वाटते. अडचणी खऱ्या आहेत. बोंड लहान असतं, फुटलेला कापूस लवकर गळतो, आणि बाजारात वेगळा भाव मिळाल्याशिवाय शेतकरी त्याकडे वळणार नाही.

‘एक किलो कापसाला वीस हजार लिटर पाणी’ हा आकडा ठिकठिकाणी छापला जातो. मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावर येणारा. त्याला हा आकडा लावणं चूक आहे. ‘इको’ लिहिलेल्या लेबलावरही तेवढ्याने विश्वास ठेवू नका. चार धुण्यांत टाकावं लागणारं कापड कोणत्याही लेबलाने पर्यावरणाचं होत नाही.

दुकानात कापड उजेडासमोर धरा. वीण दाट आणि सारखी दिसली पाहिजे. आतल्या शिवणीजवळचा एक सुटा धागा घरी आणून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोसही सुतासारखंच जळतं, म्हणून दुसरा धागा ओला करून ओढा. ओलं सूत अधिक मजबूत होतं, ओलं व्हिस्कोस मात्र पटकन तुटतं.

आणि खादीच्या दुकानात गेलात, तर देशी कापसाचं कापड आहे का, हे आवर्जून विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं, तर मानवत-सेलूच्या बाजारात या कापसाला वेगळा भाव मिळण्याची आशा आहे.