तिथी बघून वेळणेश्वर

वेळणेश्वरला थंडी म्हणावी अशी थंडी नसतेच. जानेवारीच्या पहाटे पारा विशीच्या आसपास उतरला की गावकरी कानटोप्या काढतात आणि पुण्याहून आलेले पाहुणे गालात हसतात. थंडीची खरी वाट बघतो तो आंब्याचा मोहोर. पाहुण्यांनी हिवाळ्यात यायचं ते समुद्रासाठी, कारण पावसाळ्याचा गढूळपणा बसून पाणी निवळलेलं असतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, लाटा दबतात. दुपारनंतर खारा वारा उलटा आत शिरतो.

पण यायचं कधी, हे ठरवताना बहुतेकजण लाल तारखा बघतात. नाताळ, एकतीस डिसेंबर, जोडून आलेला शनिवार-रविवार. माझं म्हणणं असं, की कॅलेंडरावर तारखेखाली बारीक अक्षरांत छापलेली तिथी बघावी. चंद्र रोज पन्नासएक मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही उशिरा येते. त्यावर कोकण किनाऱ्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, दिवसा आणि रात्री तोच आकडा. हिशेब ढोबळ खरा, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला पुरतो.

म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास गेलात तर दुपारी पाणी वर चढतं आणि सकाळ-संध्याकाळ पुळण लांबवर उघडी पडते. सूर्यास्त त्याच दिवसांत बघावा. अष्टमीला भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि ऐन मावळतीला ते पायाशी असतं.

सुकती लागल्यावर ओल्या वाळूकडे वाकून बघा. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूचा घास तोंडात घेतात, तिला चिकटलेलं सूक्ष्म अन्न चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवतात. एका बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या, मधे ये-जा करायला आखलेल्या वाटा. पुढच्या भरतीला सगळं सपाट, की पुन्हा पहिल्यापासून. याच वाळूत गाड्या घालून गोल गोल फिरवणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

वेळणेश्वराचं देऊळ किनाऱ्यालगत, माडांच्या सावलीत. गोखले, गाडगीळ अशा कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, 1866चा. दक्षिणेला हेदवीत पांढऱ्या पाषाणाचा दशभुज गणपती आहे. संकष्टीला तिथं गर्दी असते. दर्शन सकाळी उरकून दुपारी तीनच्या सुमारास किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराकडे जावं, कारण वद्य चतुर्थीची भरती तेव्हाचीच. देवळामागच्या काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. आत कोंडलेली लाट मागे सरायला जागा न मिळाल्यानं सरळ वर उसळते. हिवाळ्यात समुद्र निवांत असल्यानं घळ कधी कधी नुसतीच हुंकारते. पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाचा जोर असतो, तेव्हा जास्त आशा धरावी. कातळ शेवाळलेला असतो, कडेला उभं राहून फोटो काढू नयेत.

हिवाळ्याचे दुसरे पाहुणे रात्री येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या कोकणच्या पुळणींवर अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002मध्ये वेळासला सुरू केलेलं संरक्षणाचं काम पुढे किनारभर पसरलं. जवळचं गुहागर आता त्यातलं महत्त्वाचं ठिकाण आहे. 27 जानेवारी 2025ला गुहागरच्या वाळूत एक मादी सापडली, तिच्या पायाच्या पट्टीवर आकडा होता 03233. ती पट्टी 2021मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असं समजणाऱ्या अभ्यासकांना तिच्या साडेतीन हजार किलोमीटरांच्या प्रवासानं विचारात टाकलं. पिल्लं सोडण्याचा सोहळा बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यावं, कासवमित्रांना आधी विचारावं आणि विजेरी खिशातच ठेवावी.

परतताना आल्या वाटेनं जाऊ नये. हेदवीवरून तवसाळ गाठलं की फेरीबोट गाडीसकट शास्त्री नदी ओलांडून जयगडला सोडते. तिथून मालगुंड जवळ. केशवसुत तिथले, आणि गोखल्यांसारखे तेही 1866चेच. नदीच्या दोन तीरांवर एकाच साली असे दोघे जन्मले, याचं मला कोण अप्रूप वाटतं!

हिवाळा उलटता उलटता महाशिवरात्रीला वेळणेश्वरची जत्रा. वद्य चतुर्दशी, म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा. दर्शनाच्या रांगेत उभे असताना समुद्र भरलेला आणि पाचच्या सुमारास पुळण पूर्ण मोकळी. फक्त त्या दिवशी राहायची सोय आधी पक्की करून मगच घर सोडावं.