लाल, निळा आणि रॉकेलचं माप

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जिल्ह्याचं ठिकाण छत्रपती संभाजीनगर घाटाच्या वर, शंभरावर किलोमीटर. आमचा बाजार आणि सोयरीक मात्र खालच्या अंगाला, शेंदुर्णी-पाचोरा-जळगावकडे. माझी अकरा एकर काळी जमीन आहे, कापूस आणि मका घेतो. गावात ट्रॅक्टर कोणता चांगला हा विषय निघाला की पारावर दोन तास कसे जातात कळत नाही, आणि त्या दोन तासांत मी कायम पुढे असायचो. बावीस वर्षं लाल ट्रॅक्टरच्या बाजूने बोललो. 2022च्या दसऱ्याला निळा घेतला आणि तेव्हापासून तितक्याच जोरात निळ्याच्या बाजूने.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लाल रंग आपल्याकडे एकापेक्षा जास्त कंपन्यांचा आहे, निळाही तसाच. नाव लिहिलं की वाचणारा तिथेच एका बाजूला जाऊन बसेल आणि पुढचं सगळं त्या बाजूने ऐकेल. मीही तेच केलं असतं.

पहिला ट्रॅक्टर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 2000 साली घेतला. त्याआधी बैलांच्या दोन जोड्या होत्या. आण्णांचा हिशेब सरळ होता: ज्याचा मिस्त्री गावात, तो ट्रॅक्टर आपला. तेव्हा लालचं काम जाणणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर होता, दुसऱ्या कोणत्याही गाडीसाठी जळगाव गाठावं लागायचं. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर वाफसा निघून जातो. त्यामुळे आण्णांचं कारण खरं होतं आणि पुरेसं होतं.

पुढे तो मिस्त्री गाव सोडून गेला. दुसऱ्या कंपन्यांचं काम जाणणारी पोरं आली. म्हणजे आण्णांचं कारण संपलं, पण आम्ही लालवालेच राहिलो. खंडेनवमीला त्याच बॉनेटला हार, त्याच चाकापुढे नारळ. शेजाऱ्याचा निळा ट्रॅक्टर चिखलात रुतला की मी म्हणायचो, त्याच्यात ओढच नाही. आमचा रुतला की म्हणायचो, चिखलच तसा होता. हे मी वर्षानुवर्षं बोललो आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही.

मग बदलला का? खांदा दुखायला लागला होता. जुन्याचं स्टिअरिंग जड, रोटाव्हेटर मारताना बांधाशी वळवून वळवून रात्री हात वर होत नव्हता. पॉवर स्टिअरिंग हवं होतं. पण पॉवर स्टिअरिंग लाल कंपनीच्या नव्या मॉडेललाही होतं, ते मी पाहायलासुद्धा गेलो नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका दुकानात लालच्या सुट्या भागासाठी गेलो असताना तिथला माणूस माझ्याशी तोडून बोलला होता, चार लोकांसमोर. ते मनात सलत होतं. निळा घेण्यामागे खांदा निम्मा आणि तो अपमान निम्मा, हे आज लिहितोय. तेव्हा लोकांना सांगितलं ते वेगळंच: इंजिन दमदार आहे, आणि एकरी दोन लिटर डिझेल वाचतं.

दोन लिटरचा आकडा कुठून आला ते मला खरोखर आठवत नाही. एकदा बोलून गेलो, समोरच्याने मान डोलावली, मग तो आकडा माझाच होऊन बसला.

याहून मोठी गोष्ट मी दडवली. दुसऱ्या हंगामात निळ्याच्या लिफ्टचं सील गेलं. मिस्त्री चौथ्या दिवशी आला आणि माझी दोन एकर मक्याची पेरणी मागे पडली. पारावर कोणी विचारलं, काय म्हणतो नवा गडी, तर मी सांगितलं, काही त्रास नाही. हेच लालच्या बाबतीत झालं असतं तर मी गावभर सांगितलं असतं. खोटं बोलायचं ठरवून बोललो नव्हतो. सात लाखांचं कर्ज डोक्यावर होतं, दर सहा महिन्यांनी हप्ता होता, आणि निवड चुकली असेल हे स्वतःशीही उच्चारायची तयारी नव्हती.

माणसाच्या या सवयीवर जुना प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने तो केला, 1956 साली तो छापून आला. त्याने बायकांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तू दाखवून कोणती किती आवडली ते नोंदवून घेतलं. मग त्यातल्या दोन पुढे ठेवून सांगितलं, यातली एक तुमची, निवडा. निवडून झाल्यावर पुन्हा पसंती विचारली. ज्यांना जवळपास सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंतून निवडावं लागलं होतं, त्यांच्या लेखी घेतलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली झाली होती आणि सोडलेली आधीपेक्षा वाईट. वस्तू त्याच, मधे गेली ती काही मिनिटं, फरक एवढाच की एक आपली झाली होती. तो टोस्टर फुकट मिळणार होता. सात लाख भरलेल्या माणसाचं मन किती ओढ घेत असेल याचा विचार करा.

मला जागं केलं ते माझ्या भाच्याने. तो फर्दापूरकडचा, पाच एकरांचा धनी. 2024च्या दिवाळीत आला आणि म्हणाला, ट्रॅक्टर घ्यायचाय. मी लगेच सुरू झालो. निळाच घे, डोळे झाकून घे, एकरी दोन लिटर वाचतात.

"मामा, दोन लिटर मोजले का तुम्ही?"

"मोजायचं काय त्यात? चालवताना कळतं ना."

"मला कर्ज काढायचंय, मामा. तुम्हाला कळतं म्हणून मला नाही काढता येणार."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी उठून चुलतभावाकडे गेलो, माझा जुना लाल ट्रॅक्टर त्यालाच विकला होता. म्हटलं, एक दिवस दे, मोजू.

मोजायचं कसं यावर भाच्याने आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या, आणि खरं शिकलो ते तिथेच. मका काढलेलं दोन एकर रान घेतलं. त्याचा खालचा भाग भारी, वरचा हलका. एकाला खालचं आणि दुसऱ्याला वरचं दिलं तर निकाल मातीचा लागला असता. म्हणून अर्ध्या अर्ध्या एकराचे चार पट्टे आखले आणि लाल, निळा, लाल, निळा असे आळीपाळीने लावले. रोटाव्हेटर एकच, सहा फुटी. खोली सारखी, पट्टीने तपासलेली. दोन्हीकडे पीटीओचे, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, फेरे मिनिटाला 540 राहतील असं इंजिन. चालवायला मी नको आणि चुलतभाऊही नको, ज्याला दोन्हींशी घेणंदेणं नाही असा शेंदुर्णीकडचा एक ड्रायव्हर रोजाने आणला.

डिझेलसाठी खळ्यावर सपाट जागा पाहून चाकांच्या जागी चुन्याच्या खुणा केल्या. ट्रॅक्टर तिथेच उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरायची, पट्टा मारून परत त्याच खुणेवर आणायचा आणि पुन्हा गळ्यापर्यंत किती लागलं ते मापायचं. जमीन कलती असली तर पाव-अर्धा लिटर इकडचं तिकडे होतं. मापाला आजीच्या काळातलं रॉकेलचं एक लिटरचं माप माळ्यावरून काढलं. वही भाच्याकडे. मला त्याने बांधावरच्या निंबाखाली बसवलं आणि सांगितलं, पट्टा संपेपर्यंत उठायचं नाही, ड्रायव्हरला हाक मारायची नाही.

त्या दिवशी लालला एकरी 5.6 लिटर लागलं, निळ्याला 4.9. फरक पाऊण लिटरलाही भरला नाही. मी दोन सांगत होतो.

तेवढ्यावरही मी म्हटलं, बघ, निळाच जिंकला. पण ड्रायव्हर म्हणाला, लालच्या धुराचा रंग चांगला नाही, एअर फिल्टर बघा. उघडला तर तळाच्या ऑइलचा चिखल झालेला. फिल्टर धुतला, ऑइल बदललं, चारही चाकांची हवा सारखी केली. आठ दिवसांनी शेजारच्या रानात तोच खेळ पुन्हा मांडला. लाल 5.2, निळा 5. एवढा फरक टाकीच्या गळ्याशी येणाऱ्या फेसातही लपून जातो. म्हणजे दोन वर्षं मी ज्याला कंपनीचा गुण म्हणत होतो, त्यातला मोठा भाग न धुतलेल्या फिल्टरचा होता.

निळ्यात चांगलं काहीच नाही असं आता म्हटलं तर तोही पक्षपातच होईल. स्टिअरिंगने माझा खांदा वाचवला. हळद्याच्या घाटातून भरली ट्रॉली उतरवताना, वेताळवाडीच्या किल्ल्याखालच्या वळणांवर, ऑइलमधले ब्रेक जुन्याच्या कोरड्या ब्रेकपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. हे दोन्ही मी छातीठोक सांगेन. पण नवं मॉडेल आणि नवी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मी एकच करून टाकल्या होत्या.

घरी मोजणं सगळ्यांना जमणार नाही, जमायची गरजही नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची यंत्र-चाचणी संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे ट्रॅक्टर चाचणीच्या बाकावर चालवून पीटीओला खरी ताकद किती मिळते, ताशी अश्वशक्तीमागे किती डिझेल जळतं, लिफ्ट किती उचलते, ब्रेक कसे लागतात, कंप आणि आवाज किती, हे सगळं मोजतात आणि शेवटी इंजिन खोलून झीजही पाहतात. त्याचा अहवाल निघतो. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागायला हवी, आणि आपण मागत नाही. आपण बॉनेटवरचा एचपीचा आकडा वाचतो. तो आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटरला मिळते ती पीटीओची ताकद, आणि ती त्याहून कमी असते. पारावरच्या किती भांडणांत एकाचा इंजिनचा आकडा दुसऱ्याच्या पीटीओच्या आकड्याशी लढवला जातो, हे मी आता लक्ष देऊन ऐकतो.

अशा चाचण्यांना कायद्याचं बळ कसं आलं, ती गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती एका फसलेल्या शेतकऱ्याची आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा विल्मॉट क्रोझियर. त्याने फोर्ड नावाचा ट्रॅक्टर घेतला. मोटारीवाल्या हेन्री फोर्डचा त्याच्याशी संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून ते नाव लावलं होतं. नाव पाहून घेतलेला तो ट्रॅक्टर कामाचा निघाला नाही. दुसऱ्या कंपनीचा घेतला, त्यानेही निराशा केली. तिसरा रुमेली कंपनीचा, तो सांगितल्यापेक्षा जास्त काम करणारा निघाला. पुढे क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात गेला आणि 1919 साली कायदा झाला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात चाचणी. 1920 साली पहिली चाचणी पूर्ण केली वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरने, ज्याची कंपनी दोनच वर्षांपूर्वी जॉन डिअरने विकत घेतली होती. क्रोझियरकडे तिन्ही अनुभव होते. तिसरा ट्रॅक्टर चांगला निघाला म्हणून त्याचंच गुणगान करत तो बसू शकला असता. त्याने ट्रॅक्टर मोजण्याची सोय करून ठेवली, याचं मला मोल वाटतं.

नावांच्या भांडणाबद्दल आणखी एक. आपल्याकडे स्वराजवाले आणि महिंद्रावाले एकमेकांना हटत नाहीत. पण स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स 2007 साली महिंद्राकडे गेली. 1959 साली देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढणाऱ्या आयशरचा ट्रॅक्टरधंदा 2005 साली चेन्नईच्या टॅफेने घेतला, आणि मॅसी फर्ग्युसनही आपल्याकडे टॅफेच बनवत आली. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक दोन्ही एस्कॉर्ट्सचे. यंत्रं वेगळी आहेत, त्यांचे गुणही वेगळे असतील. पण आपण ज्या नावासाठी भावकीत अबोला धरतो, त्याच्या समोरच्या नावाचा मालक कधी कधी तोच असतो.

भाच्याचं काय झालं ते राहिलं. वही पुढे घेऊन आम्ही त्याच्या पाच एकरांचे तास मांडले. नांगरणी, रोटा, पेरणी, थोडी ट्रॉली. वर्षाला सत्तर तासांच्या वर काही जाईना. एवढ्या कामावर सात लाखांच्या कर्जाचा हप्ता निघत नाही, लालचाही नाही आणि निळ्याचाही नाही. मला वाटत होतं त्याने यंदा घेऊ नये, भाड्याने करून घ्यावं.

पण त्याच्या रानात भाड्याने जातो तो माझाच ट्रॅक्टर. त्याने घेतला नाही तर पैसे मला मिळतात. म्हणून सल्ला द्यायच्या आधी त्याला हे सांगितलं: "मी सांगतोय त्यात माझा फायदा आहे, तो धरून ऐक. आणि लिफ्टचं सील गेलं होतं तेव्हा माझी पेरणी चार दिवस मागे पडली होती, तेही लिहून घे."

त्याने लिहून घेतलं. थोडा वेळ आकडे पाहत बसला.

"मग मामा, त्या ड्रायव्हरलाही विचारतो एकदा. आणि चुलतमामांनाही."

"विचार," मी म्हटलं, आणि ड्रायव्हरचा नंबर त्याला दिला.